अण्णांनी कमावलेली मराठी

दुसऱ्या अंकात अण्णा एकाएकी तेलुगू बोलायला लागले आणि सगळं थिएटर हसलं.

नाटक हसायचं नव्हतं. अण्णा निवृत्त न्यायाधीश झाले होते. समोर त्यांची मुलगी झालेली नटी उभी होती. तिला घराबाहेर काढायचं वाक्य यायचं होतं. ते आलं नाही. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अम्मा, तल नोस्तुंदि." म्हणजे, आई, डोकं दुखतंय. सोलापुरात एवढं तेलुगू कोणाला कळत नाही? मागून एकजण ओरडला, "बाम लावा की अण्णा!" परत हशा. नटी हुशार. लोक हसतायत म्हटल्यावर तिनं पदरची दोन वाक्यं जोडून दिली.

मीही हसले. विंगेत कोट हातावर घेऊन उभी होते आणि हसले. खोटं कशाला सांगू?

अण्णा तेच तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझं हसू थांबलं. या माणसानं चाळीस वर्षांत स्टेजवर तेलुगूचा एक शब्द येऊ दिला नव्हता.

पडदेवाल्याला म्हटलं, "टाक पडदा."

"अक्का, येड लागलं काय? पब्लिक हसायलंय की."

मी त्याच्या हातातली दोरी ओढली. तोवर अण्णा खुर्चीतून घसरले होते. उजवी बाजू गेली होती.

तुम्ही त्यांना पाहिलं असेल. नाव आठवणार नाही, चेहरा आठवेल. सिनेमात तलाठी, हवालदार, नवरीचा गरीब बाप. एका मालिकेत दीड वर्ष आजोबा होते. नवी पेठेत लोक फोटो काढायला थांबवायचे, तर हे आधी विचारायचे, "माझं कुठलं वाक्य लक्षात राहिलं?" कोणाला एकही आठवायचं नाही. मग दिवसभर तोंड पाडून बसायचे.

जन्म भवानी पेठेतला. बाप यंत्रमागावर कामाला, हेही मागावर. घरात सगळं तेलुगू. पहिल्याच स्पर्धेत परीक्षकानं सांगितलं, काम चांगलं, पण बोलणं मागावरचं आहे. ते त्यांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून चालू यंत्रमागाशेजारी उभं राहून मराठी वाक्यं म्हणायला लागले. खडखडाटाच्या वर आवाज गेला की तो शेवटच्या रांगेत पोचतो, असा त्यांचा हिशेब. बाकीचे कामगार वैतागायचे. त्यांना एकाच वेळी माग आणि अण्णा, दोन्ही ऐकावे लागत.

मी नाटकाचा कपडेपट सांभाळायची. शिक्षण चौथी. तरी प्रयोगाआधी वही माझ्या हातात देऊन अण्णा सगळं पाठ म्हणून दाखवायचे आणि विचारायचे, "अक्का, कुठं चुकलं?"

एकदा मी म्हटलं, "चुकलं न्हाय अण्णा. पण एवढं शुद्ध कोण बोलतंय?"

"न्यायाधीश बोलतो."

"मी कोर्टात जाऊन आलेय. न्हाय बोलत."

हसले नाहीत. त्या बाबतीत त्यांना थट्टा चालायची नाही.

पुढं त्यांनी घरातही तेलुगू बंद केलं. जीभ बिघडते म्हणायचे. त्यांची म्हातारी आई मला एकदा तेलुगूत म्हणाली, "माझा पोरगा माझ्याशी कचेरीतल्यासारखा बोलतो." मला ते कळलं, कारण लहानपणी मी तेलुगू बायकांत बसून विड्या वळल्या आहेत. अण्णांच्या मुलाला आणि मुलीला मात्र तेलुगू येत नाही. आई गेली, नंतर बायको गेली, आणि त्या घरातलं तेलुगू संपलं.

आता मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यात कधीकधी नंतर शिकलेली भाषा जाते, आईची राहते. परत येईल का विचारलं, तर म्हणाले, बघू.

मुलगा पुण्याहून आला. अण्णा बोलायचे आणि तो माझ्याकडे बघायचा. "मावशी, काय म्हणतात पप्पा?" मी रोज सकाळी जायची. मी नसले की अण्णा गप्प.

दोन महिन्यांनी सिनेमावाल्यांचा फोन आला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं काम, एकही वाक्य नाही. मुलगा खूश. "पप्पा, बोलायचंच नाही, नुसतं पडून राहायचं." अण्णा माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. मी मुलाला सांगितलं, "म्हणतात, नुसतं पडायला घरची खाट बरी आहे."

एके दिवशी मुलगा आणि मुलगी त्यांच्या उशाशीच उभं राहून ठरवत होती की घराला कुलूप लावायचं आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं. मुलगा म्हणाला, "त्यांना विचारायचं का?"

मुलगी म्हणाली, "पप्पांना काय कळतंय आता?"

अण्णांनी डावा हात खाटेवर आपटला आणि बरंच बोलले. दोघं माझ्याकडे बघत राहिली.

मला गोड करून सांगता आलं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं. "म्हणतात, तुमचं सगळं बोलणं मला कळतंय. माझी जीभ गेली, कान गेले नाहीत. आश्रमात ठेवा, पण तोंडावर सांगा. आणि तिथं माझं बोलणं कोणाला कळतं, ते आधी बघून या."

मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, "रडून काय व्हतंय? वही घे अन् लिही."

तिच्या वहीत पंचवीस-तीस तेलुगू शब्द तिच्याकडून लिहवून घेतले. पाणी, भूक, संडास, दुखतंय, पुरे. दोघं मोठ्यानं वाचायची आणि अण्णा पडल्या पडल्या ऐकायचे. उच्चार चुकला की डाव्या हाताचं बोट हलवायचे, म्हणजे परत म्हणा. संध्याकाळपर्यंत दोघांना सोडलं नाही. तालीम घेताना दिग्दर्शकालाही मी इतकं छळताना पाहिलं नव्हतं. मुलगा शेवटी म्हणाला, "पप्पा, बास की आता." अण्णांनी बोट हलवलं.

आश्रमाचं राहूनच गेलं. मुलगी सोलापुरातच थांबली.

मराठी परत आली नाही. स्टेजही नाही. त्या प्रयोगानंतर अण्णा चौदा महिने जगले. शेवटी शेवटी मुलगी त्यांच्याशी तोडकंमोडकं का होईना, तेलुगू बोलायची, तेव्हा मीच जाणं कमी केलं.

ते गेले तेव्हा मी माझ्या घरी होते. जवळ मुलगी होती. शेवटचं काय बोलले ते तिला कळलं, असं ती म्हणाली. मी विचारलं नाही.