वरच्या पट्ट्या

बारामतीत आम्ही पियानो शिकवतो म्हटलं की लोक आधी आमच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. मी आणि माझा नवरा, दोघंही पुण्या-मुंबईत मैफली करायचो. सात-आठ वर्षांपूर्वी इथं सासरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत क्लास काढला. बाकी सगळ्यावरून भांडलो, सुरावरून कधीच नाही. पियानो तोच लावायचा, कारण तारा पिळायला पुण्याहून दर वेळी माणूस कोण बोलावणार? नादकाटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा आणि किल्लीनं एकेक तार जुळवत बसायचा. त्याचा कान माझ्यापेक्षा तिखट, हे मी मनातल्या मनात केव्हाच मान्य केलं होतं. त्याला सांगितलं नाही, आधीच काय कमी चढून बसला होता!

गेल्या उन्हाळ्यात वरच्या सप्तकातली एक तार तुटली. आठवड्याभरात दुसरी. मी उन्हाला दोष दिला. तिसरी तुटली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ताडकन आवाज आला म्हणून धावत गेले, तर तो किल्ली हातात धरून तुटलेल्या टोकाकडे बघत उभा. गालावर रक्ताची बारीक रेघ.

"जुनी झाली होती," तो म्हणाला.

ती तार दिवाळीतच नवी घातलेली होती. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

जवळच्या कळंब गावाहून एक अकरा वर्षांची मुलगी शिकायला येते. दर रविवारी तिचे आजोबा तिला डाळिंबाच्या पिकअपमधून घेऊन येतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. गावच्या भजनात ते पेटी वाजवतात. एकदा निघताना चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, "म्याडम, रागवू नगा, पर वरच्या पट्ट्या लई चढल्यात. खालचं बरूबर हाय. वरचं कानाला टोचतंय."

"पियानोचं तसंच असतं, आबा. पेटीपेक्षा वेगळं."

"आसंल. आमाला त्यातलं काय कळतंय?"

वरचे सूर पियानोत किंचित चढे ठेवतातच, म्हणून थाप पचली. आबा गेल्यावर मी मोबाईलवर सूर मोजणारं अ‍ॅप लावून एकेक पट्टी तपासली. वर जावं तशी प्रत्येक पट्टी आणखी चढलेली. किंचित नाही, भलतीच. ज्याला वरचा सूर विझल्यासारखा ऐकू येतो, त्याला तो उतरलेलाच वाटतो आणि तो तार पिळत राहतो.

मग एकेक दिसू लागलं. नादकाटा आता तो कानाशी धरत नव्हता, दांडी दातांत धरत होता, नाद हाडातून तरी पोचावा म्हणून. पूर्वी खिडकीशी पाठ करून, डोळे मिटून मुलांचं ऐकायचा. आता त्यांच्या बोटांसमोर खुर्ची ओढून बसायचा. "बोटं गोल ठेव," एवढंच सांगायचा. "तो सूर चुकला" हे वाक्य मी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं, आठवेना.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" एकदा जेवताना विचारलं.

"कशाला? तुझी बडबड तर सगळी ऐकू येते."

तो हसला. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्याचा कान गेला तर त्याच्याकडे उरणार काय?

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एकाच बाकावर बसून चार हातांची जुनी रचना वाजवली. तो खालच्या बाजूला, मी वरच्या. शेवटच्या पानावर त्याच्या डाव्या हाताला लांब लांब उड्या असतात, नजर तिकडेच लागते. माझा उजवा हात तेव्हा अगदी वरच्या टोकाला जातो. त्या पट्ट्या मी दाबल्याच नाहीत. नुसती बोटं फिरवली.

"वा," तो म्हणाला, "आज वरचं किती स्वच्छ आलं!"

दारात ती कळंबची मुलगी वही घेऊन उभी होती. लवकर आली होती, सगळं ऐकलं होतं तिनं.

"सर, पर म्याडमनी तर..."

मी मान हलवली. नको. सुराशी खोटं वागू नका म्हणून मी या मुलांना किती बोलले आहे.

ती बाकावर बसली. त्यानं तिच्या बोटांसमोर खुर्ची ओढली. तिनं मागच्या आठवड्याचा धडा वाजवायला घेतला, छान वाजवत होती. वरच्या पट्ट्यांपाशी आली तसा आवाज थांबला. बोटं मात्र फिरत राहिली, गोल, अगदी त्याला आवडतात तशी. तिनं माझ्याकडे बघितलं.

"शाब्बास," तो म्हणाला.