विकासचा स्टॅमिना किती ठेवायचा?

दर रविवारी दुपारी आम्ही तिघं पलूसला विकासच्या घरी टीव्हीवर बास्केटबॉल खेळतो आणि एक तरी किस्सा घेऊनच उठतो. ते इतके साठलेत की माझी बायको विचारते, "आवं, तुमी खेळता कवा?"

मी, विकास आणि रणजित कॉलेजच्या टीममधले. रणजित फौजेतून रिटायर होऊन आता ऊस बघतो. विकासच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिस.

*

गेममध्ये आम्ही स्वतःच्याच नावाचे प्लेयर केलेत. नियम विकासचा: आपले आकडे आपण टाकायचे नाहीत, बाकीच्या दोघांनी टाकायचे. सगळं खऱ्यासारखं पाहिजे! माझा डिफेन्स शंभरात अकरा ठेवला. मी लय भांडलो.

"गड्या, अकरा बी मैत्रीखातर दिल्यात!" विकास म्हणाला.

*

रणजितला स्टॅमिना पुरा शंभर पाहिजे होता. "फौजी कवाच दमत न्हाई!"

"मग मगाशी माझ्या जिन्यात दोनदा कोण थांबलं?"

फौजीनं मुकाट्यानं साठ घेतले.

*

एकदा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी विकास लागोपाठ तीन मॅच हरला. बटणंच चुकत होती त्याची. पुढच्या रविवारी तो तोंड धुवायला आत गेला, तेवढ्यात आम्ही गुपचूप समोरच्या टीमची नेमबाजी कमी केली. रणजितचा हात सैल, त्यानं आकडा पार शून्यावर नेला. मग काय! समोरच्यांचा एक बॉल बास्केटमध्ये जाईना. फ्री थ्रोसुद्धा!

"आरं, ही पोरं उपाशी आल्यात व्हय?" विकास म्हणाला.

आम्ही हसलो. तो नाही हसला.

"आजारी मी हाय रं. टीव्हीतला विकास न्हाई. निदान हितं तरी मला खरंखुरं हरू द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

विकासची आई जत भागातली. मेंढरांमागं चालून चालून पाय घट्ट झालेली बाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. विकास जरा आडवा झाला की आक्का ओरडते, "ऊठ, चार पावलं चाल, धीर सोडू नगंस!"

स्वतःची किडनी द्यायला ती एका पायावर तयार होती. डॉक्टर म्हणाले, तुम्हालाच शुगर आहे, चालणार नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं रणजितला विचारलं, "दोनातली एक तर बरी असंल की रं?"

फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस, तिथंच ढसाढसा रडला.

*

आणि हा गेल्या रविवारचा.

विकास म्हणाला, "माझा स्टॅमिना अजून कॉलेजातलाच हाय, ब्याण्णव. आता आजचा टाका."

आम्ही दोघांनीही आकड्याला हात लावला नाही. शेवटी त्यानं स्वतःचाच नियम मोडला आणि नऊ टाकले. दमलेला प्लेयर आपोआप बेंचवर जातो, तेही बंद केलं.

मॅच सुरू झाली. दोन मिनिटांत टीव्हीतला विकास गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागला. आमचा विकास पळायचं बटण दाबतच होता.

मागं आक्का ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठून टीव्हीजवळ गेली आणि त्या वाकलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"लेकरा, लय पळालास. बस आता. आय काय बी म्हणायची न्हाई."

"व्हय, आये," विकास म्हणाला आणि कंट्रोलर खाली ठेवला.