कुर्लं मुंबईत धरायचं की नाही

मुंबईची हद्द कुठवर न्यायची यावरून शहाणीसुरती माणसं वर्तमानपत्रांतून भांडायला लागली की मला हसू आवरत नाही. हा विषय आमच्या ओटीवर फार पूर्वी येऊन गेला आहे. आमचं गाव हातखंब्याहून रत्नागिरीकडे येताना लागतं, आणि मुंबई तिथून बोटीनं एका रात्रीच्या अंतरावर. तरीही मुंबईची उत्तरेकडची सीमा कोणती या प्रश्नावरून आमच्या वाडीतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. मला तेव्हा वाटत नव्हती, कारण तो प्रश्न माझ्या लग्नाचा होता.

माझे वडील रत्नागिरीत एका वकिलांकडे कारकून होते. जमिनीच्या दाव्यांचे कागद लिहिण्यात त्यांची हयात गेली. कुठल्याही वस्तूला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला काहीतरी असतं, अशी त्यांची जगाबद्दल ठाम समजूत होती. घरात चष्मा हरवला तरी ते चतुःसीमा सांगूनच शोधायला लावत. पूर्वेस देव्हारा, पश्चिमेस पाण्याचं पिंप, याच्या दरम्यान बघ. आमच्या बागेचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची कुंपणाची भिंत, शेजाऱ्यांनी वीतभर आत सरकवला आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या एका वितीपायी दोन्ही घरांनी एकमेकांचं हळदीकुंकूसुद्धा बंद केलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, घाटावर दिली होती. घर चांगलं होतं, शेतीवाडी होती, माणसं वाईट नव्हती. दुसऱ्या वर्षी ती तापानं गेली. आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा तिचं तेरावंही उरकलं होतं. आजारी आहे हेच कोणी कळवलं नव्हतं, कारण कळवायला आमच्याकडचं तिथं चिटपाखरू नव्हतं. त्यानंतर वडील बरेच महिने माझ्याकडे सरळ बघत नसत. मग एका सकाळी त्यांनी गावच्या देवळात जाऊन माझ्यासाठी कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. वडिलांनी विचारलं, धाकटीला मुंबईस द्यावी का? मुंबईत आमच्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस होता. उजवी पाकळी चटकन पडली. प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

मला सतरावं लागलं तेव्हा दोन स्थळं एकदम आली. एक गिरगावातलं. चाळिशी उलटलेले बिजवर, कोटात, म्हणजे फोर्टात, एका पेढीवर कामाला, आणि पहिलीची दोन मुलं, त्यांतली मुलगी माझ्याहून थोडीशीच लहान. त्यांना यायला सवड नव्हती म्हणून त्यांनी फोटो पाठवला होता. फोटोत वर पगडी, खाली मिशा आणि मधल्या जागेत थोडासा चेहरा होता. दुसरं स्थळ माझ्या मामानं आणलेलं. गिरणीच्या कचेरीत कारकुनी करणारा मुलगा, तो मात्र स्वतः आला. मामानं त्याला वाटेत चांगलं पढवून आणलं होतं. पण वडिलांनी विचारलं, "राहायला मुंबईतच ना?" तर पोह्यांची बशी खाली ठेवून तो म्हणाला,

"कुर्ल्याला. मुंबईच्या जरा बाहेर पडतं."

मामाला ठसका लागला. मला मात्र तो मुलगा तिथल्या तिथे आवडला. एवढ्या सोप्या जागी ज्याला खोटं बोलता येत नाही तो पुढेही कितीसं बोलणार, असा मी हिशेब केला. शिवाय त्याचे दात चांगले होते. तर अशी परिस्थिती होती. कुर्लं मुंबईत धरलं तर मला तो मिळणार होता, आणि नाही धरलं तर मिशा.

त्या संध्याकाळपासून आमची ओटी म्हणजे कचेरी झाली. शाळेतले मास्तर भिंतीवरचा नकाशा काढून, गुंडाळी करून घेऊन आले. नकाशात मुंबई गुलाबी होती आणि शीवपाशी संपत होती. कुर्लं हिरवं होतं. मास्तर म्हणाले, विषय संपला. वडिलांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "हा गुलाबी रंग ज्यानं दिला तो जागेवर जाऊन आला होता का?" मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. मग नकाशाला पुरावा म्हणून कोण धरणार?

शेजारच्या वाडीतले एक काका परळच्या गिरणीत आयुष्य काढून गावी येऊन राहिले होते. त्यांना नकाशाचं काही कौतुक नव्हतं.

"मी सांगतंव. गिरणीचा भोंगा आयकू येतो तिथवर मुंबई. न्हाय आला की संपली."

"कुर्ल्यास ऐकू येतो?" वडिलांनी विचारलं.

"वाऱ्यावर हाय. पावसात वारा तिकडं जातो, तवा येतो. दिवाळीनंतर न्हाय येत."

"म्हणजे कुर्लं पावसाळ्यात मुंबईत आणि हिवाळ्यात बाहेर?"

"तसंच समजा."

वडील खरंच विचारात पडले. म्हणजे लग्न श्रावणात लावावं लागेल, आणि श्रावणात मुहूर्त नाही. आतून ऐकताना मला त्या भोंग्याचा इतका राग आला की मी भाकरी करपवली.

मामाचं म्हणणं अगदी वेगळं. "भावोजी, रंग नको नि भोंगा नको. जिथला माणूस पोटासाठी मुंबईत जातो ती जागा मुंबईचीच. कुर्ल्याची माणसं रोज जातात. झालं."

हे सगळ्यांना पटल्यासारखं झालं. मग मास्तरांनी, नकाशाचा अपमान झाल्याचा राग मनात असावा, बारीक आवाजात विचारलं, "आपल्या गावातल्या घरटी एका माणसाचं पोट मुंबईवर आहे. म्हणजे आपण बसलो आहोत ही ओटीही मुंबईत का?"

काकांनी अंगणातल्या फणसाकडे नव्यानं बघितलं. आई कधी बाहेरच्या बोलण्यात पडत नसे, पण त्या दिवशी दारातून म्हणाली, "अहो, तसं असेल तर गडग्यापलीकडेच देऊ या की. त्यांचा मुलगाही बिनलग्नाचा आहे." वडिलांनी सभा बरखास्त केली.

माणसांनी ठरेना म्हणून पुन्हा देवाकडे जायचं ठरलं. ज्यानं मुंबई म्हटलं, त्यानंच तिची हद्द सांगावी, यात कोणालाही काही वावगं दिसलं नाही. वडिलांनी प्रश्नाचा मसुदा केला. 'शीवच्या उत्तरेस असलेलं मौजे कुर्लं हे आपण पूर्वी आज्ञा केलेल्या मुंबई या जागेत समाविष्ट आहे किंवा कसे.' गुरवानं तो ऐकला आणि डोकं खाजवलं.

"देवाला येवढं न्हाय समजायचं. जरा सोपं करा."

सोपं केलं. पाकळ्या लावल्या. अर्धं गाव सभामंडपात बसलं. पाकळ्या हलेनात. दुपार झाली, बायका घरी जाऊन स्वयंपाक करून परत आल्या, तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथं. काका म्हणाले वारा नाही, पंखा घाला. गुरव त्यांच्यावर उखडला. शेवटी तोच गावच्या ओढ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा देव व्हाळाच्या अलीकडचा. व्हाळापलीकडं काय हाय नि काय न्हाय, ते तो बोलनार न्हाय. मुंबईचं मुंबईच्या देवीला इचारा."

वडील चिडतील असं मला वाटलं होतं. उलट ते खूश झाले. स्वतःच्या चतुःसीमा इतक्या नीट माहीत असलेला पक्षकार त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. "जागेवर जाऊनच बघायला हवं," ते म्हणाले. रजा काढली, छत्री घेतली, साक्षीला मामाला घेतलं, आणि रत्नागिरीच्या बंदरातून बोटीनं मुंबईची हद्द शोधायला निघाले.

आठवड्यानं परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की आईनं न विचारता चहा ठेवला. पुढचं त्यांनी ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याला मामा साक्षीदारासारखी मान हलवत होता.

सुरुवात त्यांनी उत्तरेकडून केली. कुर्ल्यात एका पानवाल्याला विचारलं, ही मुंबई का? तो म्हणाला छे, मुंबई शीवच्या पुढं. चालत शीवला गेले. वाटेत चिखल, खाजण आणि म्हशी. मुंबई संपल्याची किंवा सुरू झाल्याची काही खूण नाही. एक दगड दिसला, त्याला वडिलांनी मोठ्या आदरानं हात लावला, तर त्यावर एक बाई कपडे आपटायला आली. शीवला तबेल्यातला माणूस म्हणाला, मुंबई अजून लांब आहे, परळ ओलांडा. परळला आपल्याच गावच्या माणसांच्या खोलीत उतरले, तर तिथला एकजण सदरा घालत होता. कुठं निघालास? म्हणाला, "आज सुट्टी, जरा मुंबईत जाऊन येतंव." वीस वर्षं हा मनुष्य मुंबईला असल्याचं गाव सांगत होतं.

तसेच गिरगावात गेले. आमचे मिशावाले स्थळ घरीच होते, पगडी चढवत होते. त्यांनी आदरानं बसवलं आणि म्हणाले, "आपण चहा घ्या, मी तासाभरात मुंबईत जाऊन येतो."

"म्हणजे आपण मुंबईत राहत नाही?"

"हे गिरगाव. मुंबई म्हणजे कोट."

वडिलांनी मामाकडे बघितलं. मामानं मान हलवली. साक्ष झाली. मग दोघं कोटात गेले. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती, कचेऱ्या बंद होत होत्या, आणि जो तो बाहेर पडण्याच्या घाईत होता. एका इमारतीच्या दारात हातखंब्याकडचा एक पहारेकरी स्टुलावर बसलेला सापडला. त्याला विचारलं, मुंबईत कोण राहतं?

"मुंबईत? मुंबईत कोन ऱ्हातंय? हितं कामाला येत्यात नि जात्यात."

"तेव्हा," वडील म्हणाले, "पश्चिमेस समुद्र, पूर्वेस समुद्र, दक्षिणेस समुद्र. उत्तरेस जो भेटेल तो म्हणेल ती जागा. आणि आत वस्ती नाही."

काकांना हे फार लागलं. आपण आयुष्यभर होतो तरी कुठं, असं त्यांनी दोनदा विचारलं.

मी दाराआड उभी होते. मला आनंद झाला होता, कारण मिशाही मुंबईत राहत नव्हत्या. पण तो फार वेळ टिकला नाही. मास्तर म्हणाले, देवानं तर मुंबईच म्हटलं आहे आणि मुंबईत कोणी राहत नाही, म्हणजे मुलगी कुणालाच देता येणार नाही. वडिलांच्या कायद्याप्रमाणे ते बरोबर होतं. एवढ्या समजूतदार माणसांनी बसून माझं लग्न पृथ्वीवर अशक्य करून ठेवलं होतं.

रात्री जेवताना मात्र वडिलांनी आईला वेगळीच गोष्ट सांगितली. कुर्ल्याला मुलाच्या खोलीवर ते एक रात्र राहिले होते. तिथं त्यांना शिंक आली. पलीकडच्या खोलीतून भिंतीआडून एक बाई म्हणाली, "कोण गो बाय शिंकलं? पाव्हणं काय? काढा देतंव थांबा." आपल्याकडचीच बाई. घोंगडी पांघरून ते तो काढा प्यायले. "वाईट होता," ते म्हणाले, "पण लगेच आला." आईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघींना आणि मामाला घेऊन देवळात गेले, आणि मागोमाग गावातली माणसंही आली. या खेपेला मसुदा नव्हता. कुर्ल्याला द्यावी का, एवढंच. पोर व्हाळाच्या अलीकडची आहे, तिच्याविषयी देव बोलेल, असं गुरव म्हणाला. पाकळ्या लावल्या. मी मांडी घालून बसले, आणि बसते न बसते तोच डावी पाकळी खाली पडली.

नाही.

गुरवानं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मागं कोणीतरी हळूच म्हणालं, गिरगावकरांना कळवा. वडील उठले, अगदी पाषाणापाशी गेले. दाव्याच्या कामात ते ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात, शांतपणे, ते देवाला म्हणाले,

"थोरलीला घाटावर द्यावी का, असं मी तुला इथंच विचारलं होतं. तेव्हा उजवा दिलास."

ताईच्या वेळी वडिलांनी कोणालाच विचारलं नव्हतं, घर बघून तिला देऊन टाकलं, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यासाठी मनातल्या मनात त्यांच्यावर रागही धरला होता. वडील मामाकडे वळले आणि म्हणाले, "कुर्ल्याला होकार कळव."

खरं तर मला हसू यायला हवं होतं, मला हवं ते मिळालं होतं. मी ताईसाठी मोठ्यानं रडायला लागले. ती गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी मोठ्यानं रडलं नव्हतं. गुरव गप्प करायला पुढे आला, तर वडिलांनी त्याला हातानं थांबवलं आणि ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले.