गॅसवरचा टेंपो

आमच्या गॅस एजन्सीच्या मालकांना त्या वर्षी एकच वेड लागलं होतं, गाडी गॅसवर चालवायची. पेट्रोल महागलेलं. पिंपरीतल्या कामगारांच्या घरी शेगड्या पोचवता पोचवता त्यांच्या मनात आलं की शेगडी पेटते तर इंजिन का नाही? गॅस कंपनीतल्या वरच्या साहेबांनी तोंडी होकार दिला. आधी बायकांना गॅस पटवला, आता ड्रायव्हरांना पटवू, असं मालक म्हणत.

मी सातवीतून शाळा सोडलेला, बीडकडचा. सिलिंडर पोचवणं आणि जोडून देणं हे माझं काम. हातात पाना धरायला मालकांनीच शिकवलं, काळेवाडीतली खोलीही त्यांनीच बघून दिली. त्यांचे उपकार मी आजही मानतो. पण दोन दिवाळ्या मी गावी गेलो नव्हतो. ऐन सणात गॅसला मागणी, सुट्टी कोण देणार? त्या वर्षी मात्र मालक आपणहून म्हणाले, "दसऱ्याला टेंपो लोकांसमोर नीट चालला, तर दिवाळीला आठ दिवस घरी जा."

मी त्याच दिवशी आईला पत्र टाकलं. येतोय म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी आमचा तीनचाकी टेंपो धुऊनपुसून मालकांच्या घरापुढच्या अंगणात उभा केला. ड्रायव्हरच्या मागे सिलिंडर पट्ट्यांनी आवळलेला, तिथून नळी इंजिनाला. सगळे जोड मीच घट्ट केले होते. झेंडूचा हार घातला. वरचे साहेब आले, चार-पाच रिक्षावाले आले, चाकणचे एक कांद्याचे व्यापारी स्वतःचा टेंपो घेऊन आले. त्यांचे तीन टेंपो बाजारात फिरायचे, म्हणून मालकांचा सगळा डोळा त्यांच्यावर.

रिक्षावाल्यांची मस्करी चालू होती. एक म्हणाला, राव, मागं चहा ठेवता येईल का चालता चालता? दुसरा म्हणे, प्रवाशाकडून पोळ्या लाटून घे. मालकही हसत होते.

तेवढ्यात वास आला. कुजल्यासारखा, उग्र. दोघातिघांनी नाकाला रुमाल लावला. व्यापारी ओशाळून म्हणाले, "माझ्याच गाडीतनं येतोय वो. कालचा नासका कांदा तळाला राहिला आसंल. धुवायचं झालंच न्हाई." सगळे पुन्हा हसले आणि विषय तिथेच मिटला.

माझा मिटला नाही. गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम घातलेला वास थेट नासक्या कांद्यासारखाच असतो. पण कांद्याचा वास कांद्याजवळ गेलं की वाढतो. मी त्यांच्या टेंपोकडे चार पावलं गेलो, वास कमी झाला. परत आलो, वाढला. तरी तोंड उघडेना. बोललो असतो तर लोक पांगले असते, मालकांचं हसं झालं असतं, आणि माझे आठ दिवस गेले असते. कांदाच असेल, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

मालकांची आई पूजेचं ताट घेऊन पायरी उतरली. निरांजन पेटलेलं, शेजारी कापराच्या वड्या. ती टेंपोपासून दहा पावलांवर असेल. मी आडवा गेलो आणि निरांजन फुंकून टाकलं.

दसऱ्याचा दिवा, तोही तोंडाने फुंकलेला. मालक ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट आवाजात म्हणाले, "काय केलंस हे?"

मी सिलिंडर बंद केला, लोकांना मागे सरायला सांगितलं. वास विरल्यावर वाटीत साबणाचं पाणी आणलं, सिलिंडरचा कॉक जरासा उघडला आणि एकेका जोडावर पाणी सोडलं. तिसऱ्या जोडावर बुडबुडे आले. कॉक पुन्हा बंद करून मी म्हणालो, "हा जोड मीच आवळला होता, मालक."

साहेबांनी हलक्या आवाजात सांगितलं की गाडी पेट्रोलवरच राहू द्या, घरगुती गिऱ्हाईक आहे ते पुष्कळ. रिक्षावाले न हसता गेले. व्यापाऱ्यांनी जाताना फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला काढतील या भीतीने मी चार दिवस नीट जेवलो नाही. मालकांनी काढलं नाही. त्या जोडाबद्दल पुन्हा कधी शब्दही काढला नाही. सुट्टीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आईला दुसरं पत्र टाकलं, काम फार आहे.

दिवाळीत रोज सिलिंडर वाहिले. प्रत्येक स्वयंपाकघरात तळणीचा वास, पोरांची गडबड. पाडव्याच्या दिवशी काळेवाडीतच एका घरी गेलो. गॅस संपल्याने कढईतलं तेल गार पडलेलं, चकल्या अर्ध्यावर राहिलेल्या. मी रेग्युलेटर बसवत असताना त्या घरच्या बाईने आतल्या कोणाला तरी हाक मारली, आणि तो सूर थेट आमच्या बीडकडचा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गावाकडं गेला न्हाईस का रं दिवाळीला?"

मी मान हलवली. रेग्युलेटर नीट बसला होता, शेगडी पेटवूनही पाहिली होती. तरी मी ती बंद केली, रेग्युलेटर काढला आणि पुन्हा हळूहळू बसवू लागलो. ती बोलत राहिली.