कुलूप कुणी लावलं

"लिहिलंय गं बाई, सगळं लिहिलंय. अंगठा उठव नि मोकळी हो."

"आधी वाचून दाखवा. सगळ्यांना दाखवता, मलाच का नाही?"

कचेरीबाहेर पत्र्याखाली टाइपयंत्र घेऊन बसणारी मशीनबाई इथं अडकली. इंग्रजी अर्ज यंत्रातून काढायच्या आधी ओळ न् ओळ आपल्या भाषेत सांगायची, ही तिची रीत. त्यासाठीच माणसं शेजारचे टायपिस्ट सोडून तिच्याकडं येत.

समोर बसलेल्या पोरीचा नवरा शिलाईच्या कारखान्यात जळून मेला होता. माल चोरीला जातो म्हणून मालक पाळीभर दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगायचा. आगीनंतर मात्र त्यानं लिहून दिलं, दार उघडं होतं. कुलूप लावणारा दरवान म्हणजे मशीनबाईचा दीर. नवरा गेल्यापासून ती त्याच्याच घरात राहत होती.

तिनं घसा खाकरला. "'आगीच्या कारणांवर साहेबांनी प्रकाश टाकावा, ही विनंती.' इंग्रजीत असंच लिहितात. भारदस्त दिसतं."

"प्रकाश कशाला?" पोर म्हणाली. "अंधारात काही असलं तर टाकायचा ना? भर दुपारी कुलूप लोंबत होतं, बाई. अख्ख्या गल्लीनं पाहिलं. मी वीट घेऊन ठोकत होते त्याच्यावर. हे बघा हात."

मशीनबाईनं हात बघितले नाहीत. "कुलपाचं लिहिलं तर दरवान आत जाईल. मालक सुटेल."

"तुम्हाला का त्याचा एवढा पुळका?"

"दीर आहे माझा."

पोर पदर सावरून उठली. "नका लिहू मग. शेजारच्या टायपिस्टकडं जाते. कुलपाला इंग्रजीत काय म्हणतात तेवढं सांगा. त्यानं गाळलं तर ओळखता येईल मला."

मशीनबाईचा चेहरा पडला. प्रकाश टाकायचं ते वाक्य तिनं जन्मभर वापरलं होतं. हरवलेल्या फायली, बेपत्ता माणसं, अडकलेली पेन्शन. तिथं ते शोभायचं, कारण तिथं खरंच कुणाला काही ठाऊक नसायचं. इथं उजेडाचं नाव घेऊन ती पांघरूण घालत होती.

"बस खाली," ती खेकसली.

कागद खसकन ओढून तिनं चुरगाळला, नवा चढवला. न थांबता टाइप केलं. मग वाचून दाखवलं: "'दार बाहेरून कुलूपबंद होतं. मालकाच्या हुकमावरून दरवानानं कुलूप लावलं.' खाली दोघांची नावं आहेत."

"कुलूप कुठला शब्द?"

मशीनबाईनं बोट ठेवलं. पोरीनं तो शब्द डोळ्यांनी नीट गिरवला, मग अंगठा उठवला. कागद घेऊन गेली. आभार वगैरे काही नाही.

संध्याकाळी कुठं जायचं, याचा विचार मशीनबाईनं बाजूला सारला. दिराच्या घरी तर आता कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं.

"बाई, जन्माचा दाखला काढायचाय," एक म्हातारा बाकावर टेकला.

"कुणाचा?" तिनं रोलरमध्ये कोरा कागद घातला. "नाव सांगा. सावकाश सांगा."