चिंचेने घासलेली तहनाळ

साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमनने बावीस वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घातली. मिळालं काय, तर बटणं आणि ट्रॅक्टरचे नटबोल्ट. गेल्या ऑक्टोबरमध्ये मात्र व्हायकिंग तलवारीच्या म्यानाचं धातूचं टोक सापडलं. बोटभर लांब, हिरवंकाळं, त्यावर वेटोळं घालून स्वतःचंच अंग चावणारा प्राणी. पुण्याहून आलेले माझे बाबा त्याच्या प्रेमातच पडले. आपल्याकडे याला तहनाळ म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. सोमवारी ती म्युझियममध्ये दाखवायची होती. तोवर पोस्टमनने मोठ्या विश्वासाने ती बाबांकडे ठेवली.

रविवारी खंडेनवमी. मी हॉस्पिटलला ड्यूटीवर गेले आणि बाबांनी घरातली शस्त्रं पूजेला काढली: विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर, माझा जुना स्टेथोस्कोप. पाहुणं शस्त्र मळकट कसं ठेवायचं, म्हणून चिंच-मीठ लावून तहनाळ लख्ख घासली. मी परतले तेव्हा ती हळदीकुंकू लावून चमकत होती. तो हिरवा थर म्हणजे हजारेक वर्षांची खूण, ती आता परत येणार नव्हती. मी बाबांना नको तेवढं बोलले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस चिंचेचा चोथा मुठीत लपवून ऐकत राहिला. त्याची मला अजून लाज वाटते.

बाबा स्वतः माझ्यासोबत शेजारी आले आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये चूक कबूल केली. पोस्टमन खाली बसले. त्या प्राण्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग पूजा का करतात, एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी मी पोस्टमनना गाडीने म्युझियममध्ये नेलं. तिथल्या बाईंचा चेहरा पडला. कडेची बारीक नक्षी पुसट झाली होती. कोणी साफ केलं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच पोस्टमन म्हणाले, "मीच. राहवलं नाही."

बाईंनी नोंदीत तसं लिहिलं. एवढ्या वर्षांनी पोस्टमनचं नाव म्युझियमच्या कागदावर चढलं, तेही माझ्या बाबांची चूक पोटात घालून.

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. त्या दिवशी दसरा होता. पुण्याहून वहीत दाबून आणलेलं आपट्याचं एकुलतं एक पान घेऊन बाबा शेजारी गेले. खरं तर सोनं धाकट्याने थोरल्याला द्यायचं. बाबा पंधरा वर्षांनी मोठे, तरी वाकून त्यांनी ते पोस्टमनच्या हातावर ठेवलं.