पावलां काय?

"पावलां काय?"

फोन उचलला की नमस्कार नाही, हालहवाल नाही, थेट हाच प्रश्न: पोचलं का? असा फोन करणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना ट्रस्टच्या तिन्ही दवाखान्यांत सर्व्हरबाब म्हणायचे. डिचोलीच्या सर्व्हरवर कुणाचा पासवर्ड बदलला की ते आधी पेडण्याला फोन लावायचे, मग केरीला. बदल तिथं पोचला का, हे कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगायचं. खरं तर तो आपोआप पोचायचा, त्यासाठीच तर ती सगळी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली होती. पण स्वतः बसवलेल्या गोष्टीवर या माणसाचा काडीचा विश्वास नव्हता.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. खुर्चीवर बसतो, पण टेकत नाही. चहा अर्धा, भाजी-पाव अर्धा, बोलता बोलता वाक्यसुद्धा अर्धं. माझं टेबल त्यांच्या खोलीच्या दाराशी होतं. नवी नर्स आली, कुणी नोकरी सोडली, की मी नाव सांगायची आणि ते सर्व्हरवर ते घालायचे किंवा काढायचे. तेवढ्या वेळात त्यांचा पाय असा हलायचा, की माझ्या टेबलावरची पेनं वाजायची. एकदा वैतागून मी म्हटलं, पाय बांधून ठेवू का? त्यांनी पायाकडे पाहिलं, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं, आणि परत कामाला लागले. पाय चालूच.

दुसरं वेड घड्याळांचं. त्याचं कारण त्यांनी मला समजावलं होतं. एक सर्व्हर दुसऱ्याकडे जातो तेव्हा ओळखीची चिठ्ठी नेतो, आणि तिच्यावर वेळ असते. दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की दुसरा ती चिठ्ठी मानत नाही. मी तुला ओळखत नाही, म्हणतो आणि दार लावून घेतो. हे सर्व्हरपुरतं ठीक होतं. पण हा गृहस्थ न्हाव्याच्या दुकानातलं, देवळाच्या सभामंडपातलं, जिथं दिसेल तिथलं घड्याळ खुर्चीवर चढून जुळवायचा. नको तिथं नाक खुपसायची सवय, असं मी तोंडावर सांगितलेलं आहे.

एवढी घाई असलेला माणूस घरी मात्र वेळेवर जायचा नाही. घर तेरेखोलला, नदीपलीकडे. घरी म्हातारी आई, एकटीच. संध्याकाळी डिचोलीहून स्कूटरवर निघायचं आणि केरीला फेरीबोट धरायची. पण वाटेत केरीचा दवाखाना लागायचा, आणि जरा बघून जातो म्हणत हे आत शिरले की सर्व्हरसमोर हरवून जायचे. खिशातला फोनसुद्धा बघायचे नाहीत. बोट निघून जायची. मग आरोंद्याच्या पुलावरून लांबचा वळसा. तोवर आई दारात बसून राहायची. मुलाने "आये, पावलंय गे", म्हणजे पोचलो गं, म्हटल्याशिवाय ती पेज तोंडाला लावायची नाही.

हे केरीच्या काउंटरवरच्या वैनींना ठाऊक होतं, कारण त्यांचं माहेर पलीकडचंच. सर्व्हरबाबांनी बोटीला वेळेत उठावं म्हणून त्यांनी एक दिवस दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ गुपचूप दहा मिनिटं पुढे केलं. सर्व्हरबाबांची नजर भिंतीवर गेली, मग स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली, आणि ते खुर्चीवर चढले. घड्याळ जागेवर.

वैनी हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. पुढे रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि केरीचा सर्व्हर बरेच दिवस एकटा पडला. बंद पडला तर चालू करायला म्हणून त्याची किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, सर्व्हरबाबांनीच वैनींकडे दिली होती. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पुन्हा तेवढंच पुढे केलं आणि सर्व्हरचंही त्याच्याशी जुळवून टाकलं. आता दोन्हीकडे एकच वेळ, बिचारा बघणार कुठे? ते दिवस सर्व्हरबाबांना रोज बोट मिळाली. आई वेळेवर जेवली.

मग केबल जोडली गेली, आणि डिचोलीने केरीला ओळखायचंच नाकारलं. साखरेच्या पेशंटांचा दिवस. बाकं भरलेली, डॉक्टर रिकाम्या स्क्रीनसमोर हात बांधून. सर्व्हरबाब स्कूटर हाणत गेले. तारा काढल्या, घातल्या, राउटरचे डबे बदलले. शेवटी मला फोन.

"थंय किती वाजले?"

मी वेळ सांगितली. "दहा मिनटां फुडे!" एवढंच ऐकू आलं, आणि फोन कटला.

पुढचं मला वैनींनी सांगितलं. ते भयंकर तापले होते. घड्याळाला हात कुणी लावला म्हणून सगळ्या दवाखान्यासमोर ओरडले. वैनी उठून उभ्या राहिल्या.

"मी लावलंय. तुमची आये थंय दारात उपाशी बसता. तुमका येळाची शुद्ध रवणा नाय."

ते सर्व्हरकडे वळले. सर्व्हरचं घड्याळ जुळवलं, लोक आत गेले, कामं सुरू झाली. भिंतीवरच्या घड्याळाला त्यांनी हात लावला नाही. जिल्ह्यातलं एवढं एकच घड्याळ त्यांनी चुकीचं राहू दिलं असेल.

आई गेली ती पावसाळ्यानंतर. वैनींनी घड्याळ मूळ वेळेवर आणलं. आता कुणासाठी पुढे ठेवायचं? दुसऱ्या संध्याकाळी सर्व्हरबाब आले, खुर्चीवर चढले, आणि स्वतःच्या हाताने ते पुन्हा पुढे केलं. पण बोट धरायला उठले नाहीत. पाय हलवत तिथंच बसून राहिले. घरी जाऊन पावलंय म्हणू कुणाला, असं मला एकदा म्हणाले.  मला फार वाईट वाटलं.

नंतर बहिणीने पुण्याला बोलावून घेतलं. तिथं नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी सर्व्हरवरचं स्वतःचं नाव त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. डिचोलीला बसून काढलं, आणि सवयीने फोन लावला. पेडण्याने लगेच हो म्हटलं. मग केरी.

"वैनी, माझां नाव काढलंय. पावलां काय?"

मी त्यांच्या मागेच उभी होते. स्क्रीनवर केरीच्या पुढची बरोबरची खूण केव्हाच उमटली होती. त्यांनाही ती दिसत होती.

वैनींचा आवाज आला. "नाय. अजून नाय पावलां."

दुसरी कुठली वेळ असती, तर हा माणूस स्कूटर काढून केरीला धावला असता. ते खूण बघत राहिले. माझ्या टेबलावरची पेनं वाजत नव्हती.

"बरां," ते म्हणाले. "पावांदे सावकाश."